बाकी कोणाच्या खाती?

आकाशगंगेच्या केंद्राकडून अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण येतात, असे गुडइनफ व हूपर यांनी २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीच्या नोंदींवरून मांडले. कृष्णद्रव्याचे कण परस्परांशी भिडून नष्ट होत असतील, तर असे किरण निघू शकतात. पण ‘अपेक्षेपेक्षा’ म्हणजे कशापेक्षा? विश्वकिरण ताऱ्यांमधल्या वायूवर आदळूनही गॅमा किरण निर्माण होतात. त्यांचा अंदाज बांधून तो वजा करायचा. उरते ती बाकी. अंदाज चुकला की बाकीही चुकते. एग्रेट या आधीच्या उपकरणाची अशीच बाकी २००५ मध्ये कृष्णद्रव्याच्या खाती मांडली गेली. फर्मीला ती आढळलीच नाही.

केंद्राकडची बाकी सलग पसरलेली नसून सुट्या बिंदूंची, बहुधा पल्सारांची आहे, असे दोन गटांनी २०१६ मध्ये सांख्यिकीच्या आधारे मांडले, तेव्हा पुष्कळांना प्रकरण मिटल्यासारखे वाटले. ही घाईच होती. त्यांपैकी एका गटातल्या ट्रेसी स्लेटायर यांनी रेबेका लीन यांच्यासह २०१९ मध्ये खऱ्या नोंदींत कृष्णद्रव्याचा कृत्रिम संकेत मुद्दाम मिसळला. त्याच पद्धतीने तो बिंदूंच्या नावावर टाकला! स्वतःचेच उत्तर इतक्या कठोरपणे ताडून पाहणारे विरळा.

निकाल लावायचा तर बटु दीर्घिकांकडे पाहावे. तेथे कृष्णद्रव्य भरपूर, वायू अत्यल्प. त्यामुळे वजाबाकी पुष्कळ सोपी. तेथून निःसंशय संकेत मात्र अद्याप मिळालेला नाही.