‘बोरीकर’ या नावापुरते उरलेले चरित्र : ‘स्मृतिस्थळा’च्या निवडतत्त्वाविषयी

मराठी वाङ्मयेतिहासात भास्करभट्ट बोरीकरांचा परिचय एका ठरावीक क्रमाने दिला जातो. परभणी जिल्ह्यातील बोरी, म्हणजेच जुने कासारबोरी, हे अभ्यासकांनी मानलेले त्यांचे मूळ गाव. नागदेवाचार्यांकडून महानुभाव पंथाची दीक्षा. १०८७ ओव्यांचे ‘शिशुपालवध’ आणि ८२७ ओव्यांची ‘उद्धवगीता’. पुढे पंथाचे आचार्यपद आणि त्यांच्या नावाने चालत आलेला कवीश्वर आम्नाय. या क्रमात गाव आणि दीक्षा यांच्या मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. बोरीतले घर, आप्त, विद्याभ्यास, संसार यांविषयी फारच थोडे हाती लागते. गाव राहिले आहे ते नावाला चिकटलेल्या प्रत्ययापुरते. हा रिकामेपणा पोथ्या गहाळ झाल्यामुळे आलेला आहे, असे सहसा गृहीत धरले जाते. ते गृहीतक अपुरे आहे आणि या रिकामेपणामागे पंथाच्या स्मरणलेखनाचे एक निश्चित निवडतत्त्व आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

हे निवडतत्त्व ‘लीळाचरित्रा’पासूनच सुरू होते. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांचा अनुयायीवर्ग ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकत्र आला. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने लीळा गोळा केल्या. ज्याच्या समक्ष लीळा घडली त्याच्याकडून ती तपासून घ्यावयाची, हा त्यांचा दंडक होता. मराठीतील या आद्य चरित्रग्रंथाचा प्रमाणविचार साक्षीवर उभा आहे. परंतु साक्षीदार या संहितेत येतो तो त्याच्या साक्षीपुरताच. बाइसा, महदाइसा, नागदेव, स्वतः म्हाइंभट यांच्या जीवनातील जो क्षण स्वामींच्या सान्निध्याने उजळला तेवढाच नोंदविला जातो. अलीकडचे व पलीकडचे आयुष्य अंधारात राहते. ‘लीळा’ हा आकृतिबंधच मुळी प्रसंगाचा आहे. त्यात जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सलग जीवनक्रमाला जागा नाही.

‘स्मृतिस्थळा’त परिस्थिती पालटते. येथे ईश्वरावतार प्रत्यक्ष उपस्थित नाही. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादाला ‘इन द ॲब्सेन्स ऑफ गॉड’ असे नाव दिले, ते या दृष्टीने मार्मिक आहे. स्वामी नाहीत, तेव्हा कसे वागावे, काय लिहावे, कोणत्या भाषेत लिहावे, हे प्रश्न समुदायासमोर उभे राहतात, आणि नागदेवाचार्यांभोवतीच्या माणसांच्या आठवणी या प्रश्नांची उत्तरे म्हणून जपल्या जातात. केशिराजबासांनी संस्कृतात लिहू पाहिले तेव्हा आचार्यांनी पंथातील म्हाताऱ्या बायकांचा विचार पुढे करून त्यांना थांबविले, ही आठवण सर्वपरिचित आहे. ती केशिराजांच्या चरित्राचा भाग म्हणून टिकली नाही. भाषेचा निर्णय तिच्यात सामावला होता, म्हणून ती टिकली.

बोरीकरांविषयीची सर्वांत महत्त्वाची आठवण याच जातीची आहे. ‘शिशुपालवध’ पूर्ण झाल्यावर कवीने ते पंथातील एका जाणत्या सहकाऱ्यापुढे ठेवले. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो शृंगारप्रिय प्रवृत्तांना योग्य आहे, निवृत्तांना नाही, असा अभिप्राय त्याने दिला. आणि त्यानंतर कवी भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळला. मराठीतील वाङ्मयीन अभिप्रायाचा हा फार जुना नमुना आहे. त्यात गुणांचा स्वीकार आणि प्रयोजनाचा नकार हे एकमेकांत न मिसळता शेजारी उभे आहेत. काव्य वाईट ठरविलेले नाही, केवळ त्याचा वाचक निराळा ठरविला आहे.

या आठवणीचा उपयोग कवीच्या मनोविकासाचा पुरावा म्हणून करण्याकडे आपल्या अभ्यासकांचा कल राहिला. शृंगाराकडून शांताकडे, प्रवृत्तीकडून निवृत्तीकडे असा प्रवास त्यातून रेखाटला जातो. परंतु हा प्रवास आठवणीनेच रचलेला आहे. आठवण सांगणाऱ्याला कवीच्या अंतरंगाशी कर्तव्य नाही. निवृत्ताने काय लिहावे याचा दाखला त्याला द्यावयाचा आहे. साध्या ऐतिहासिक नोंदीपेक्षा तिचे नाते दृष्टांताशी अधिक जवळचे आहे. दृष्टांताला जेवढे लागते तेवढेच चरित्र त्यात येते, आणि बोरीतील घराची त्याला गरज नसते.

येथे एका दूरच्या समुदायाशी केलेली तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांची १८४४ साली हत्या झाल्यावर त्यांच्या मॉर्मन अनुयायांपैकी मोठा भाग ब्रिगम यंग यांच्या मागे पश्चिमेकडे निघाला आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. या आद्य प्रवाशांच्या रोजनिश्या, आत्मकथने आणि पत्रे जपण्याचे काम पुढे मुख्यतः त्यांच्या वंशजांनी केले. १९०१ साली ‘डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स’ ही स्त्रियांची संस्था त्यासाठीच उभी राहिली. संस्थापकाचा वियोग, विरोध आणि विखुरणे, त्यातून आलेली स्मरणाची निकड, आणि स्मृती सांभाळणाऱ्या स्त्रिया, एवढे साम्य दोन्हीकडे आहे. भेद मात्र मूलगामी आहे. तेथे स्मृतीचा वाहक कुटुंब आहे, म्हणून पणजीने गाडीत काय सामान भरले हेही जपण्याजोगे ठरते. महानुभाव संन्यासी मात्र कुटुंब सोडूनच स्मृतीच्या कक्षेत प्रवेश करतो. त्याचे वंशज म्हणजे त्याचे शिष्य. ‘अन्वय’ हा शब्द पंथात गुरुशिष्यपरंपरेसाठी रूढ झाला, आणि कृष्णमुनींच्या ‘अन्वयस्थळा’सारख्या ग्रंथांनी नोंद ठेवली ती या दुसऱ्या कुळाची. बोरीकरांचे घराणे हरवले, ‘कवीश्वर’ घराणे राहिले. हा विस्मृतीचा अपघात म्हणता येणार नाही. एका कुळाच्या जागी दुसरे कुळ मांडण्याची ही प्रक्रिया आहे.

निवडतत्त्व एवढे कठोर असूनही स्मरणाची पद्धत विलक्षण उदार होती, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत नष्ट झाली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा सिद्ध करावा लागला. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी निरनिराळे पाठ निर्माण झाले. पुढील लेखकांनी यांतील एकच खरा मानून बाकीचे फेकून दिले नाहीत. भिन्न स्मरणे ‘वासना’ म्हणून स्मरणाऱ्याच्या नावानिशी पोथीत ठेवली. हिराइसेची थोर स्मरणशक्ती आपल्याला कळते ती या पाठभेदांच्या नोंदींतून. माणसाचे जीवन लिहिले गेले नाही, परंतु त्याच्या स्मरणाची वेगळी मुद्रा जपली गेली.

हीच उदारता ‘शिशुपालवधा’च्या वाट्यालाही आली. निवृत्तांना अयोग्य ठरलेले हे काव्य निवृत्तांनीच उतरून घेतले, सकळ लिपीच्या आवरणाखाली शतकानुशतके सांभाळले आणि ‘साती ग्रंथां’त मानाने बसविले. नकाराची आठवणही राहिली आणि नाकारलेले काव्यही राहिले. समुदायाचा सिद्धांत काही सांगत होता आणि त्याचे लेखनिक काही वेगळे करीत होते. या दोहोंतील अंतर हेच महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाचे खरे क्षेत्र होय.

विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी सांकेतिक लिपीचा उलगडा केल्यावर आणि ह. ना. नेने, वा. ना. देशपांडे, वि. भि. कोलते, तुळपुळे यांच्या परिश्रमांनी संहिता उजेडात आल्यावर आपण या वाङ्मयाकडे नव्या अपेक्षेने पाहू लागलो. कोलते यांनी बोरीकरांचे चरित्र स्वतंत्र ग्रंथात सिद्ध केले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही ‘चरित्र’ ही आपली कल्पना कालक्रम, कुटुंब आणि व्यक्तित्व यांवर उभी आहे, तर ‘स्मृति’ ही साक्ष, निर्णय आणि अन्वय यांवर. एकीची सामग्री दुसरीच्या साच्यात ओतताना मधल्या फटी अनुमानाने बुजविल्या जातात, आणि कालांतराने अनुमानच माहिती म्हणून पाठ्यपुस्तकांत उतरते. पदव्युत्तर विद्यार्थी कवीचा ‘प्रवास’ मुखोद्गत करतो. तो प्रवास ज्या एका आठवणीवर उभा आहे ती कोणी, कशासाठी जपली, हे मात्र त्याला विचारावेसे वाटत नाही.

यापुढील अभ्यासाने दोन गोष्टी कराव्यात. ‘स्मृतिस्थळा’तील प्रत्येक आठवण कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून टिकली, हे आधी पाहावे, आणि त्यानंतरच तिच्यातून चरित्रविषयक निष्कर्ष काढावा. तसेच चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वासनांना तळटीपेत ढकलू नये. त्या त्या स्मरणाऱ्याच्या नावासह संहितेच्या अंगभूत मानाव्यात. असे केल्याने बोरीतले घर आपल्याला पुन्हा सापडणार नाही. मात्र ते घर कोणत्या विचाराने वगळले गेले हे कळेल, आणि ‘बोरीकर’ हा प्रत्यय अन्वयाच्या एवढ्या रेट्यातही कवीच्या नावाला कसा चिकटून राहिला, हा प्रश्न निदान प्रश्न म्हणून तरी आपल्यासमोर येईल.