अक्षरांतून निसटलेला सूर

आमच्या गोंदिया जिल्ह्यात गोंडी कानी पडते, मेळघाटात कोरकू. दोन्हींना ‘आदिवासी बोली’ म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूची नातलग. कोरकू मात्र संथाली-मुंडारीच्या गोतावळ्यातली, मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेची.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) या दोघी एकत्र भेटतात. तो खंड स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. सर्वेक्षणाची पद्धत ठरलेली: बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर आणि शब्द-वाक्यांची ठरावीक यादी. तुलनेला ही पद्धत उपयोगी, हे मान्य. पण परक्या कथेच्या भाषांतरात लोकांचे स्वतःचे बोलणे कितीसे येणार? आणि छापील शब्दात आवाजाचा चढउतार कुठून उरणार?

कोरकूत हा चढउतार अर्थाचाच भाग आहे. शिकागो विद्यापीठाचे नॉर्मन झाइड यांनी तिच्यातल्या खालच्या सुरावर १९६६ साली निबंध प्रसिद्ध केला. मराठीत सूर बदलला तर विधानाचा प्रश्न होतो, शब्द तोच राहतो. पंजाबीत मात्र ‘घोडा’ म्हणताना आरंभीचा ‘घ’ जवळजवळ ‘क’सारखा होतो आणि स्वर खाली उतरतो, तो खाली उतरला नाही, तर घोड्याचा चाबूक होतो. गुरुमुखीत लिहिलेला ‘घ’ वाचकाला ती सूचना देतो. देवनागरीत कोरकू लिहिताना अशी सोय आयती मिळत नाही.

के. एस. नागराज यांचे कोरकू व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रहासह, १९९९ साली टोकियोहून निघाले. काम मोलाचे, पण ते इंग्रजीत आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या शिक्षकापर्यंत ते पोचायचे कसे? माझा आक्षेप संशोधकांच्या कष्टांवर नाही, ते कष्ट जिथे थांबतात त्या जागेवर आहे.

कोरकू बोलणाऱ्याला संदर्भावरून शब्द कळतो, असे कोणी म्हणेल. घरात रोज कोरकू ऐकणाऱ्या मुलापुरते ते खरे. बाहेरून बदली होऊन आलेला शिक्षक, किंवा घरी मराठी-हिंदीच अधिक ऐकणारे मूल, यांना छापील पानाखेरीज आधार कोणता?

गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी अख्खी लिपी घडवली. कोरकूला तेवढेही नको. खालच्या सुरासाठी एक खूण पुरे. मात्र ती कोरकू बोलणाऱ्यांनीच ठरवावी आणि पहिलीच्या वाचनपाठापासून छापली जावी.