'ग्रँड' लिहायचं की 'ग्रँडिओज'?

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'वरचं (१६६७) प्रकरण लिहिताना मी त्याच्या शैलीला कौतुकाने 'ग्रँडिओज' म्हटलं होतं. 'ग्रँड'पेक्षा जरा वजनदार वाटला, एवढंच कारण. मार्गदर्शकांनी शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, "हा आरोप आहे. पुरावा?"

दोन्ही शब्दांपुढे आपण मनातल्या मनात 'भव्य' लिहितो, तिथेच फसतो. 'ग्रँड' म्हणजे खरोखर भव्य. 'ग्रँडिओज'मध्ये भव्यतेचा आव असतो. ऐपत कमी आणि दावा मोठा. मुळातला इटालियन शब्द कौतुकाचा आहे. तो फ्रेंचमार्गे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला, आणि आज इंग्रजीत त्याला बहुतेक वेळा टीकेचा सूर असतो. मराठीत आपण 'भव्य' आणि 'भपकेबाज' यांची गल्लत करत नाही ना? साधारण तेवढंच अंतर इथे धरा.

आता काव्याकडे या. पहिल्या सर्गात पराभूत सैतान आणि त्याचे साथीदार नरकात पँडेमोनियम नावाचा महाल उभारतात. डोंगर खणून सोनं काढतात, छतही सोन्याचं. मग सभेला गर्दी होते आणि आत मावण्यासाठी ते अवाढव्य सैनिक अचानक बुटके होतात! दहाव्या सर्गात (१६७४ च्या बारा सर्गांच्या आवृत्तीत) सैतान विजयाचं भाषण करतो, टाळ्यांची वाट बघतो, आणि ऐकू येतात फूत्कार. सगळे साप झालेले असतात. दावा आणि वास्तव यांतली दरी मिल्टन स्वतःच दाखवतो. म्हणजे 'ग्रँडिओज' आहे तो सैतानाचा दरबार. तो दरबार दाखवणारी कविता 'ग्रँड' आहे. मी पात्राचं विशेषण कवीला चिकटवलं होतं.

पण सैतान सगळीकडे 'ग्रँडिओज' आहे का? इथे सावध राहा. शेलीला त्याच्यात खरी उंची दिसली, सी. एस. लुईसने १९४२ मध्ये त्याच्या पोकळपणावर बोट ठेवलं. हरल्यावरही न वाकणाऱ्या पहिल्या सर्गातल्या सैतानाला तुम्ही यातलं कुठलं विशेषण देता, त्यावरून या जुन्या वादात तुमची बाजू ठरते. न कळत बाजू घेतलीत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

म्हणून 'ग्रँडिओज' लिहिण्याआधी वहीत तीन गोष्टी मांडा: दावा कोणाचा, तो कुठे उघडा पडतो, आणि उघडा कोण पाडतं, लेखक की आपण? तिन्ही उत्तरं संहितेत ओळीवर बोट ठेवून दाखवता आली, तरच तो शब्द ठेवा. मला आली नाहीत. मी वाक्य खोडलं आणि पँडेमोनियमवर चार पानं नव्याने लिहिली. प्रकरणातला तेवढाच भाग आज मला माझा वाटतो.