न भुंकलेला कुत्रा आणि घुग्घुसची भट्टी

संध्याकाळची सफारी आटोपून बरेच जण थेट इथे आला आहात, अंगावरची धूळसुद्धा झटकलेली नाही. तेव्हा प्रस्तावना नको. मोहर्लीत पुस्तकांवर बोलायचं म्हटलं की लोकांना चितमपल्ली अपेक्षित असतात. आम्ही मात्र आज शेअर बाजारावरच्या एका पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, आणि ते रहस्यकथांच्या कपाटात ठेवावं असं आमचं म्हणणं आहे.

कारण सांगतो. या गेटच्या आसपास गेल्या काही वर्षांत पैसा आला. होमस्टे झाले, जिप्सी आल्या, रिसॉर्टमध्ये नोकऱ्या मिळाल्या, कुणाची जमीन विकली गेली. पैशामागून मोबाईलवर सल्ला येतो आणि सल्ल्यामागून पुस्तक येतं. बहुतेक वेळा ते 'रिच डॅड पुअर डॅड' असतं. जरूर वाचा. पण मूळ पुस्तक 1997 चं, आणि ज्याच्या शहाणपणावर ते सगळं उभं आहे त्या श्रीमंत बाबाचं नावच त्यात दिलेलं नाही. रहस्यकथेचा वाचक इथे थबकला असता. अरे, हा साक्षीदार आहे कुठे? धंद्याच्या पुस्तकाचा वाचक थबकत नाही, तो पेन्सिल घेऊन ओळी अधोरेखित करतो. आम्हीही केल्या. आमच्या वाचनगटातल्या दोघांनी कपाटभर ॲगाथा ख्रिस्ती वाचून झाल्यावर एका दामदुप्पट योजनेत पैसे घातले आणि घालवले. पुस्तकातल्या प्रत्येक नोकरावर संशय घेणारे आम्ही, चकचकीत पत्रक घेऊन आलेल्या माणसाला मात्र दोनदा चहा पाजला.

म्हणून हे पुस्तक. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं 'द स्कॅम', 1993 चं. हर्षद मेहता प्रकरण त्याच्या आधीच्या वर्षी फुटलं. 23 एप्रिल 1992 ला टाइम्स ऑफ इंडियात दलाल यांची बातमी आली, स्टेट बँकेच्या हिशेबातल्या सुमारे 500 कोटींची. आता बघा, रहस्यकथेत आधी प्रेत सापडतं. इथे प्रेत म्हणजे हिशेबातला खड्डा.

तो पडला कसा? बँकांना सरकारी रोखे काही दिवसांसाठी विकून परत घेण्याची गरज पडायची. त्याला रेडी फॉरवर्ड म्हणत. मध्ये दलाल. रोखे प्रत्यक्ष हातात देण्याऐवजी एक पावती दिली जायची, बँक रिसीट, म्हणजे बीआर. रोखे आमच्याकडे आहेत, मागाल तेव्हा देऊ, असं सांगणारा कागद. बँकेच्या नावाचा चेक दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला आणि पैसा तिथून शेअर बाजारात गेला. काही पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत एक होती बँक ऑफ कराड. दलाल स्ट्रीटपासून कितीतरी दूर, साताऱ्याकडच्या गावाच्या नावाची बँक! ती त्याच वर्षी बुडाली.

या पुस्तकाचं बळ असं की ते माणसाच्या मागे न लागता कागदाच्या मागे लागतं. पावती कुणी लिहिली, कुणी घेतली, घेताना रोखे का मागितले नाहीत? शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या 1892 च्या गोष्टीत रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा ठरतो. इथेही तेच. एवढ्या बँका, एवढे तपासनीस, आणि कुणीच भुंकलं नाही. तुमच्यातल्या गाइड मंडळींना हे जास्त कळेल. चितळ ओरडलं तर तुम्ही कान टवकारता, सांबर ओरडलं तर गाडी थांबवता. आणि रान अजिबात गप्प असलं तर त्याचाही अर्थ लावता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. त्या तेजीचा सगळ्यात गाजलेला शेअर होता एसीसी, सिमेंट कंपनी. तिचा भाव काही शेकड्यांवरून नऊ हजारांच्या घरात गेला. मेहतांचा युक्तिवाद असा की जुन्या कंपनीची किंमत ठरवताना, तसाच कारखाना आज नव्याने उभारायला किती खर्च येईल ते पाहा. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, आणि म्हणूनच तो खपला. पण एसीसीचा एक कारखाना घुग्घुसला आहे, तेव्हाही होता. तिथल्या माणसाला कुणी विचारलं असतं तर? भट्टी तीच, चुनखडी तीच, गेटातून निघणारे ट्रक काही वीसपट झाले नव्हते. फिलिप फिशर यांनी 1958 च्या पुस्तकात गुंतवणूकदाराला हेच सांगितलं: पुरवठादाराला विचारा, गिऱ्हाइकाला विचारा, प्रतिस्पर्ध्याला विचारा. आपल्याकडे याला कानोसा घेणं म्हणतात.

2020 मध्ये याच पुस्तकावरून 'स्कॅम 1992' ही मालिका आली. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी पाहिली असेल. मालिका उत्तम बांधलेली आहे, पण आमची तिच्याबद्दल तक्रार आहे. कोण जिंकलं, कोण हरलं, कोण निसटलं हा प्रश्न पुस्तकाच्या उपशीर्षकातच आहे. मालिकेने त्याचा प्रश्न केला: हा माणूस कसा होता? तिथे ती बाबूराव अर्नाळकरांच्या वाटेने जाते. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या आधीची पिढी त्यांच्यावर वाचायला शिकली, तेव्हा हे आम्ही तुच्छतेने म्हणत नाही. पण झुंजार किंवा काळापहाड वाचताना आपण पुरावे तपासत नाही, नायकाच्या मागून धावतो. धावण्यात मजा आहे. फक्त ती मजा घेऊन लगेच डीमॅट खातं उघडायला जाऊ नये, आणि मालिका पाहून तसं केलेले आम्हाला माहीत आहेत.

पुस्तकाचे दोषही आहेत. नावांची गर्दी इतकी की तिसऱ्या प्रकरणापासून आम्ही वहीत यादी केली, कोण कुठल्या बँकेचा. घाईत लिहिल्याच्या खुणा दिसतात. जे छोटे गुंतवणूकदार शेवटी शेअर घेऊन बसले ते जवळपास दिसतच नाहीत. कोण हरलं याचं उत्तर बँकांपाशीच थांबतं. आम्हाला ही उणीव मोठी वाटते.

याच्या जोडीला बेंजामिन ग्रॅहॅम वाचा, 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर', पहिली आवृत्ती 1949 ची. रटाळ पानं खुशाल ओलांडा, पण नंतरच्या आवृत्तीतला शेवटचा छोटा मजकूर सोडू नका. आयुष्यभर पैसा विभागून ठेवा म्हणणारा हा माणूस तिथे कबूल करतो की 1948 मध्ये एकाच विमा कंपनीत फंडाचा मोठा हिस्सा घातला होता, आणि त्या एका सौद्याने बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त दिलं. म्हणजे निवेदकच स्वतःविरुद्ध साक्ष देतो. असं सांगणारा लेखक आम्हाला धंद्याच्या पुस्तकांत फार भेटला नाही.

दोन्ही पुस्तकं मागच्या टेबलावर आहेत. 'स्कॅम'मध्ये आमची नावांची यादी घडी करून ठेवली आहे, ती तेवढी परत करा.