मुलामा नको, काम हवे

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरातल्या नव्या घरांत सध्या ‘नैसर्गिक’ पोताची चलती आहे. टीव्हीमागे दगडी क्लॅडिंग, बाल्कनीत विटांसारख्या टाइल्स, कपाटांवर लाकडाच्या रेषा छापलेले लॅमिनेट. पीओपी आणि चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीचा कंटाळा आला, हे सुचिन्हच. पण घरात पोत आला, साहित्य आले नाही. भिंत सिमेंटचीच, दगड फक्त वरून चिकटवलेला.

जुन्या नाशकात पोत कामातून उमटे. वाड्याचे जोते घडीव काळ्या दगडाचे, कारण जमिनीची ओल आणि पावसाचा मारा तिथेच. वर विटा-मातीच्या जाड भिंती, भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर. सराफ बाजारालगतचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहावा. दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होते, त्याला कारण आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत कारवी-बांबूच्या कुडावर शेणमातीचे लिंपण असते. ते झिजते, पुन्हा सारवले जाते; हाताची बोटे भिंतीवर दिसतात.

हे सौंदर्य हवामानाशीही जोडलेले आहे. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, थंडीत निफाडचे द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात. जाड दगड-मातीची भिंत ऊन उशिरा आत सोडते, चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. वाड्याच्या दुरुस्तीत त्याच भिंतीला सिमेंट फासले की ओल आत कोंडते.

आधुनिक घरात हा विचार जमतो, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. अलिबागजवळच्या नांदगावात बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने 2007 मध्ये बांधलेल्या पाल्मायरा हाउसच्या ताडाच्या झडपा ऊन अडवतात आणि वारा आत घेतात. तोच त्या घराचा चेहरा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आयस्टुडिओ आर्किटेक्चरने उघड्या विटांत बांधलेल्या घरात ‘रॅट-ट्रॅप’ रचना आहे. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी राखल्याने वीट कमी लागते आणि उष्णताही अडते.

मात्र नैसर्गिक म्हणजे आपोआप निर्दोष नव्हे. नाशिकभोवतीचे डोंगर खाणींनी पोखरले जात आहेत. दर बंगल्याला नवा दगड मागणे परवडणारे नाही. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाडे कोसळतात. त्यांचे घडीव दगड आणि सागवान नव्या बांधकामात मानाने वापरता येतील. वनक्षेत्राबाहेरचा बांबू 2017 मध्ये कायद्याने ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तो तोडणे-नेणे सोपे झाले. खरी उणीव कारागिरांची आहे. चुना मळणारा गवंडी आणि दगड घडवणारा पाथरवट यांना काम मिळाले नाही, तर त्यांची विद्या पुढच्या पिढीत उतरणार नाही.

म्हणून घर बांधणाऱ्याने वास्तुविशारदाला एकच विचारावे: हा दगड, ही वीट, हा बांबू काढून टाकला तर घराचे काय बिघडेल? काहीच बिघडणार नसेल, तर तो खर्च एखाद्या खऱ्या दगडी जोत्यावर किंवा चुन्याच्या भिंतीवर करावा.