समुद्रकिनाऱ्यावरील आद्य चॅले : वास्तुरूप आणि वारसामूल्य – एक चिकित्सा

प्रस्तावना :
वास्तुवारशाचा विचार प्रामुख्याने राजवाडे, प्रार्थनास्थळे व किल्ले यांच्याभोवती फिरतो. दिवसभर भाड्याने घ्यावयाची एका खोलीची लाकडी खोपटी त्या विचारात सहसा येत नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील आद्य चॅले अर्थात ‘बीच हट’ ही अशीच एक उपेक्षित वास्तू होय. तिला वारसा म्हणून मान्यता मिळाली असली, तरी ती नेमक्या कोणत्या मूल्यासाठी मिळाली, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चाकांकडून चौथऱ्याकडे :
या वास्तूची पूर्वज म्हणजे अठराव्या शतकात रूढ झालेली चाकांची स्नानगाडी. स्नान करणाऱ्या स्त्रीला परपुरुषाची दृष्टी न लागता पाण्यापर्यंत पोहोचविणे, हे तिचे प्रमुख कार्य. राणी व्हिक्टोरियासाठी ऑस्बोर्न येथे अशीच गाडी होती. राणीच्या निधनानंतर ती काही काळ कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्री-पुरुषांच्या स्वतंत्र स्नानाचे निर्बंध सैल झाले आणि चाकांचे प्रयोजन संपले. खोली मात्र टिकली. तिचे तोंड पाण्याकडेच राहिले, पण उद्देश बदलला. लपण्याची जागा आता बसण्याची जागा झाली. दुहेरी दार, उतरते छप्पर व पुढील पडवी ही या बदलाचीच वास्तुभाषा आहे. पडवीत बसणारा माणूस समुद्र पाहतो आणि स्वतःही इतरांना दिसतो.

बोर्नमथ आणि स्कारबरो :
बोर्नमथ येथे १९०९ मध्ये नगरपालिकेने उभारलेल्या खोल्या ब्रिटनमधील पहिल्या नगरपालिका-निर्मित बीच हट मानल्या जातात. त्यांची रचना नगरपालिकेच्या सेवेतील एफ. पी. डोलामोर यांची असून क्रमांक २३५९ च्या खोलीवर निळा स्मृतिफलक आहे. स्कारबरोच्या साऊथ क्लिफ उद्यानातील चॅले याच सुमारास, नगर अभियंता हॅरी डब्ल्यू. स्मिथ यांच्या कार्यकाळात उभे राहिले. तेथे टेकडीचा उतार, नागमोडी पायवाटा व चॅलेंच्या ओळी यांचा एकत्र विचार केलेला आढळतो.

या दोन्ही ठिकाणी निर्माता नामांकित वास्तुविशारद नसून नगरपालिकेचा अभियंता आहे, ही बाब महत्त्वाची होय. ज्यांना किनाऱ्यावर बंगला घेणे शक्य नव्हते, त्यांना काही दिवसांपुरता समुद्र भाड्याने मिळावा, ही यामागील नागरी कल्पना होती.

वारसाकल्पनेतील पेच :
‘पहिली’ या विशेषणावर आधारलेले वारसामूल्य येथे अपुरे पडते. खारी हवा, वादळ व सरकता उतार यांमुळे लाकडी फळ्या वारंवार बदलाव्या लागतात. मूळ द्रव्य हाच अस्सलतेचा निकष मानला, तर शतकानंतर उरते ते फारच थोडे. सातत्य असते ते जागा, आकार आणि वापर यांत. तथापि स्मृतिफलक व सूची यांना वास्तू जपता येते, वापर जपता येत नाही.

बॉस्कम येथील ‘ओव्हरस्ट्रँड’ या १९५० च्या दशकातील इमारतीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हेमिंग्वे डिझाइन या संस्थेने तिचे रूपांतर आकर्षक ‘सर्फ पॉड’मध्ये केले. त्याच किनाऱ्याजवळील कृत्रिम सर्फ प्रवाळभिंत २००९ मध्ये खुली झाली. परंतु २०११ मध्ये तिचे नुकसान होऊन ती बंद पडली. इमारत वाचली, पण तिच्या नव्या उपयोगाचे आश्वासन फसले. दुसरीकडे मडफर्डच्या वाळूपट्टीवरील लाकडी खोल्या तीन लाख पौंडांहून अधिक किमतीला विकल्या गेल्याचे प्रसिद्ध आहे. ज्या वास्तुप्रकाराने समुद्र सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला, तोच अशा रीतीने त्यांच्या आवाक्याबाहेर गेला.

निष्कर्ष :
आद्य चॅलेंचे सौंदर्य त्यांच्या रंगीत दारांपेक्षा त्यांच्या अल्पतेत आहे. त्यांचे जतन केवळ छप्पर व पडवी यांपुरते मर्यादित राहिल्यास वारशाचे बाह्यरूप उरेल आणि आशय हरवेल. भाडेपद्धती, वाजवी दर व सार्वजनिक मालकी यांनाही वारशाचे घटक मानणे म्हणूनच आवश्यक ठरते. नगरपालिकेच्या अभियंत्याने बांधलेली खोली नगरपालिकेच्या सामान्य नागरिकाला परवडणे, हीच तिच्या अस्सलतेची खरी कसोटी होय.