संकासुराची बोली

मालवण परिसरात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा दोन मराठी ऐकू येतात. पूर्वरंगात काळ्या वेशातला संकासुर मालवणीत टोले हाणतो. आख्यानातले देव आणि राजे मात्र संस्कृतप्रचुर प्रमाण मराठीत बोलतात. या नाटकाला छापील संहिता नसते, नट संवाद आयत्या वेळी रचतात. म्हणजे ही वाटणी कुणा लेखकाने लादलेली नाही. नटांनीच ती पिढ्यानपिढ्या जपली.

१९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईच्या प्रेक्षकांत रुजवली. गावकऱ्यांनी बसवलेल्या पौराणिक नाटकाची ही फजिती. इथे मालवणी राजदरबारात शिरली खरी, पण विनोदाचे बोट धरून. नाटकाचे मोठेपण निर्विवाद आहे; तरी प्रश्न उरतोच. याच बोलीत द्रौपदीने खरा आक्रोश केला, तर प्रेक्षक हसायचा थांबेल का?

किनाऱ्यावरच्या घरांत मरणाची बातमीही मालवणीतच सांगितली जाते. रंगमंचावर तिच्या वाट्याला आले ते मुख्यतः हसू. तिला रडण्याचाही हक्क मिळेल, तेव्हाच ती संकासुराच्या वेशातून बाहेर येईल.